एक बोट गेलं तर माणूस कायद्यानं दिव्यांग ठरतो का?

पॉवर प्रेसखाली तर्जनीचं टोक जातं, कडबा कुट्टीत करंगळी जाते, दुचाकी घसरून पायाचा अंगठा काढावा लागतो. जखम भरते, माणूस कामावर परत जातो आणि मग कोणीतरी सांगतं, "दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढून घे, सगळं मिळेल." सिव्हिल हॉस्पिटलच्या फेऱ्या मारल्यावर हातात पडतो ५ टक्क्यांचा कागद. त्यावर आरक्षण मिळत नाही, कराची वजावट मिळत नाही. माणूस वैतागून सगळाच नाद सोडतो आणि जी रक्कम खरोखर त्याच्या हक्काची होती, तीही बुडते.

"दिव्यांगत्व किती?" या प्रश्नाला आपल्या कायद्यात एकच उत्तर नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. कामगार भरपाईचा कायदा कमाईची ताकद किती घटली ते बघतो. दिव्यांग हक्क कायदा शरीराचं कार्य कायमचं किती कमी झालं ते मोजतो. मोटार अपघात न्यायाधिकरण या माणसाचं, त्याच्या धंद्यात, किती उत्पन्न बुडालं ते तपासतं. विमा कंपनी फक्त पॉलिसीतल्या तक्त्यात तो अवयव आहे का एवढंच पाहते. बोट तेच, पण टक्के चार ठिकाणी चार. त्यामुळे एका ठिकाणचा कागद दुसरीकडे दाखवून काम होईल असं गृहीत धरलं की नुकसान ठरलेलं.

कामावर बोट गेलं असेल तर

इथे पैसा सर्वांत सरळ मिळतो आणि इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवागणिक टक्के छापलेले आहेत. यादीतली दुखापत असेल तर तेवढं नुकसान झालं असं कायदाच मानतो. "तू तर कामावर परत आलास, तुझं काय गेलं?" हा मालकाचा सवाल तिथे चालत नाही. पगार पूर्वीइतकाच मिळत असला तरी यादीतला टक्का लागू होतोच.

अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९. मधल्या बोटाला हेच आकडे १२, ९ आणि ७. अनामिका आणि करंगळी एकाच मापात धरली आहेत: ७, ६ आणि ५. अंगठ्याला फार वरचं स्थान आहे, कारण पकड त्याच्यावर असते: पूर्ण अंगठा ३०, तळव्यातल्या हाडासकट गेला तर ४०, नुसतं टोकाचं पेर गेलं तरी २०. एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर १४, पण त्याचा थोडाच भाग हाडासह गेला असेल तर ३. पायाचं दुसरं कुठलंही एक बोट मुळापासून गेलं तर ३.

याच यादीत एक बारीक ओळ आहे आणि छोट्या दुखापतीत सगळा खेळ तिच्यावर असतो. बोटाचं फक्त टोक कापलं गेलं आणि हाड गेलं नाही, तर टक्के वेगळे: अंगठा १०, तर्जनी ५, मधलं बोट ४, अनामिका किंवा करंगळी २. म्हणजे तर्जनीच्या टोकाला हाडाचा तुकडा गेला की नाही यावर ५ की ९ ते ठरतं.

हा फरक पैशात बघू. १९२३ च्या या कायद्याचं (आता तो नव्या संहितेत सामावला आहे, ते पुढे येईलच) सूत्र असं: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, गुणिले यादीतला टक्का. पगार जास्त असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशोबाला कमाल १५,००० रुपयेच धरले जात. ३० वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, बरोबर १८,७१,८२० रुपये. याचे ५ टक्के होतात ९३,५९१ आणि ९ टक्के होतात सुमारे १,६८,४६४. हाडाच्या एका चिपेमुळे जवळजवळ ७५,००० रुपयांचा फरक पडतो. वय वाढेल तसा गुणक उतरतो: ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर "क्रश इन्ज्युरी, राइट इंडेक्स" एवढंच लिहून घेऊन घरी येऊ नका. बोट नेमकं कोणत्या सांध्यापाशी किंवा कोणत्या हाडातून गेलं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ड्रेसिंग होण्याआधीचा एक्स-रे आणि जखम भरल्यावरचा एक्स-रे, दोन्हीच्या प्रती जपून ठेवा. बऱ्याचदा टोकाला हाड उघडं पडलेलं असतं आणि कातडी नीट झाकता यावी म्हणून सर्जन ते थोडं मागे छाटतो. तशी नोंद ऑपरेशन नोट्समध्ये असते, डिस्चार्ज कार्डावर नसते. ऑपरेशन नोट्सची प्रत मागायला लाजू नका.

शिवून परत जोडलेल्या बोटाबद्दल हमखास गैरसमज असतो. बोट जागेवर दिसतं, मग नुकसान कसलं, असं म्हणतात. यादीखालची टीप स्पष्ट आहे: अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला असेल तर तो अवयवच गेला असं धरायचं. वापर थोडाच गेला असेल, उदाहरणार्थ बोट ताठ राहिलं किंवा अर्धंच वाकतं, तर ते यादीत बसत नाही. तेव्हा कमाईची ताकद किती टक्के घटली ते डॉक्टरला प्रमाणित करावं लागतं, आणि इथे कामाचं स्वरूप बोलतं. यादीतला टक्काही शेवटचा शब्द नसतो. १९७६ मध्ये प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचं नुकसान सर्वोच्च न्यायालयाने १०० टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. अवयवांच्या यादीची पद्धत तिथेही आहे. तुमच्या अपघाताची तारीख त्या दिवसाच्या आधीची की नंतरची हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून २ वर्षं होती. कुठल्याही कायद्याखाली मुदत संपेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

आता फसवणुकीचं. पहिली दवाखान्याच्या दारातच होते. सोबत आलेला सुपरवायझर केसपेपरवर "घरी लागलं" किंवा "दुचाकीवरून पडला" असं लिहवून घेतो. एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या दुखापतीच्या) नोंदीतलं ते एक वाक्य पुढे वर्षभर नडतं. भूल देण्याआधी, शुद्धीत असताना, कुठे, कोणत्या मशीनवर, किती वाजता लागलं हे स्वतः सांगा आणि कागद वाचून घ्या. दुसरी फसवणूक तडजोडीची. वीस-पंचवीस हजार हातावर ठेवून "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही घेतात. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल आहे. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर तिची अधिकृत नोंद व्हावी लागते. अशी सही झाली असेल तरी दावा संपला असं समजू नका. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर जुन्या कायद्यात १२ टक्के सरळ व्याज लागतं आणि विनाकारण टाळाटाळ केली असेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो.

शेतमजुरांनी हे विशेष लक्षात घ्यावं. ट्रॅक्टरवर किंवा विजेवर, इंजिनवर चालणाऱ्या यंत्रावर शेतीकाम करणारा मजूर या कायद्यात येतो. विजेच्या कडबा कुट्टीत बोट गेलेला सालगडी "कारखाना नाही म्हणून हक्क नाही" असं ऐकून गप्प बसतो. ते खरं नाही.

ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड असेल तर मालकावर भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. सगळं ईएसआयकडूनच घ्यावं लागतं. टक्क्यांची यादी तशीच, पण एकरकमी रकमेऐवजी बहुधा आयुष्यभर दरमहा पैसे येतात. सरासरी रोजच्या मजुरीचे ९० टक्के हा पूर्ण दर, आणि त्याला तुमचा टक्का लागतो. रोज ६०० रुपये मजुरी आणि ९ टक्के नुकसान असेल तर ५४० चे ९ टक्के, म्हणजे दिवसाला ४८ रुपये ६० पैसे, महिन्याला साधारण १,४५८. रक्कम लहान वाटते, पण ती हयातभर मिळते आणि नोकरी बदलली तरी थांबत नाही. टक्का ईएसआयचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. तो कमी वाटला तर अपील करता येतं. मात्र अपघाताचा अहवाल मालकाने ईएसआयकडे पाठवलेला असला पाहिजे, नाहीतर मंडळापर्यंत प्रकरण जातच नाही.

दिव्यांग हक्क कायदा आणि ४० टक्क्यांची रेघ

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दीर्घकालीन दोषामुळे, भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर, ज्याला इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही तो दिव्यांग. या व्याख्येत टक्केवारी कुठेही नाही. आणि कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एखादा दोष किमान ४० टक्के असेल तर ते लाक्षणिक दिव्यांगत्व. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, जुन्या करपद्धतीतली ७५,००० रुपयांची वजावट, हे सगळं दुसऱ्या पायरीवर मिळतं.

बोट गेल्यावर ४० होतात का? जवळजवळ कधीच नाही. २०१८ च्या मूल्यमापन सूचनांतला तक्ता बघा: मुळापासून तर्जनी गेली तर १५ टक्के, मधलं बोट ५, अनामिका ३, करंगळी २. शेवटचं पेर गेलं तर तर्जनीला ५, मधल्या बोटाला २, उरलेल्या दोघांना प्रत्येकी १. अंगठा बुडाच्या सांध्यातून गेला तर ३०, त्याच्या पुढच्या सांध्यातून २५, टोकाच्या सांध्यातून १५. चारही बोटांची बेरीज २५ होते, तर भरपाईच्या यादीत तीच चार बोटं ५० टक्के आहेत. कारण हा तक्ता कमाई मोजत नाही, शरीराचं कार्य मोजतो. मार्च २०२४ मध्ये सूचना सुधारल्या गेल्या, त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर जाताना ताजी प्रत बघूनच जा. नुसत्या कापलेल्या लांबीवर सगळं थांबत नाही हेही ध्यानात असू द्या. उरलेल्या बोटांचा ताठरपणा, बधिरपणा, गेलेली पकड, कामाचा हात कोणता, हेही मंडळाला तपासायचं असतं. नस दुखावून उरलेली बोटं बधिर झाली असतील तर ते स्वतः सांगा, कारण समोर फक्त तुटलेलं बोट दिसतं.

डोळा आणि कानाच्या बाबतीतही लोकांचा अंदाज चुकतो. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के, म्हणजे रेघेच्या खाली. एका कानानं अजिबात ऐकू येत नाही पण दुसरा चांगला आहे, अशा माणसाचा श्रवणदोष कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, कारण दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट लागते.

दोन वेगळे दोष असले तर मात्र हिशोब बदलतो. तिथे साधी बेरीज नसते. मोठा आकडा तसाच ठेवायचा, तो ९० मधून वजा करायचा, आलेल्या उत्तराला लहान आकड्यानं गुणायचं, ९० नं भागायचं आणि मोठ्या आकड्यात मिळवायचं. एक डोळा गेलेल्या माणसाची तर्जनीही मुळापासून गेली असं समजा. ९० वजा ३० म्हणजे ६०, गुणिले १५ म्हणजे ९००, भागिले ९० म्हणजे १०. तीस आणि दहा, चाळीस. अशा माणसानं फक्त हाताची तपासणी करून घेतली तर १५ टक्क्यांचा कागद घेऊन घरी येईल. जुना कुठलाही दोष असेल तर अर्जातच लिहा आणि एकत्रित मूल्यमापन मागा.

४० च्या खाली म्हणजे शून्य नव्हे

या एका गैरसमजामुळे खूप जणांचं नुकसान होतं. सरकारी आस्थापनेत नोकरी करताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणानं कामावरून काढता येत नाही आणि पदावनतीही करता येत नाही, असं दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) सांगतं. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवावं लागतं. या कलमात ४० टक्क्यांची अट नाही. अंगठा गेलेल्या एसटीच्या मेकॅनिकला "तुझे ४० होत नाहीत" असं सांगून घरी बसवलं तर ते कायद्याला धरून नाही.

परीक्षेचंही तसंच. लिहिण्याच्या हाताची तर्जनी किंवा अंगठा गेलेल्या विद्यार्थ्याला लेखनिक हवा असेल तर ४० टक्के लागतातच, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात ही समजूत मोडली. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या सूचनांनी ४० च्या खालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांना लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देण्याची वाट करून दिली. त्यासाठी नेहमीचं दिव्यांग प्रमाणपत्र पुरत नाही. लिहिता येण्यावर मर्यादा आहे असं सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते मिळत नाही. अर्ज भरतानाच कामाला लागा.

रस्ता अपघात, विमा, फौजदारी

रस्त्यावरच्या अपघातात डॉक्टरचा टक्का ही फक्त सुरुवात असते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने पायऱ्या घालून दिल्या: आधी हा टक्का एका अवयवाचा की सगळ्या शरीराचा ते बघा, मग त्या माणसाच्या प्रत्यक्ष कामावर त्याचा परिणाम किती ते ठरवा. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरचं किंवा सुताराचं नुकसान जवळजवळ पूर्ण असू शकतं, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. हाच विचार बोटाला लावा. तबलजीची करंगळी आणि वॉचमनची करंगळी न्यायाधिकरणापुढे सारखी नाही, पण तो फरक पुराव्यानं दाखवावा लागतो. आधी काय काम होतं, आता त्यातलं काय होत नाही, मिळकत कितीची किती झाली याचे कागद द्या, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवा. दाव्याची मुदत अपघातापासून ६ महिने आहे.

विम्यात फार आशा ठेवू नका. वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख मिळतात, बोटाला काहीच नाही. महाराष्ट्रातल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही डोळा किंवा हात-पाय लागतो. खासगी वैयक्तिक अपघात पॉलिसीत मात्र बोटांचा तक्ता बहुधा असतो, तो उघडून वाचा.

कोणी मारहाणीत बोट तोडलं असेल तर फौजदारी कायदा टक्के विचारतच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार अवयव किंवा सांधा गमावणं ही गंभीर दुखापत आहे, दात पडणंसुद्धा. पोलीस साधी मारामारी म्हणून नोंद करत असतील तर हे कलम दाखवा.

प्रमाणपत्र काढताना

अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार निर्णयाला ३ महिन्यांची मुदत आहे आणि कार्डं तीन रंगांची आहेत: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं कार्ड घेऊन ठेवा. पुढे दुसरा दोष जडला, वयानं ऐकू कमी आलं, तर आजची नोंद त्या हिशोबात धरता येते.

जखम ओली असताना किंवा फिजिओथेरपी सुरू असताना तपासणीला जाऊ नका, तेव्हा तात्पुरता कागद मिळतो. उपचार पूर्ण होऊन सुधारणा थांबली की जा. तुटलेलं बोट परत येत नाही, म्हणून अशा प्रमाणपत्रावर "कायमस्वरूपी" अशी नोंद असायला हवी. ती नसेल तर तिथल्या तिथे विचारा. टक्का कोणत्या अवयवाच्या संदर्भात दिला आहे ती ओळही तपासा, कारण ती कोरी राहिली तर न्यायाधिकरणात समोरचा वकील नेमकं तिच्यावरच बोट ठेवतो. टक्का पटला नाही तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

एजंट "४० करून देतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. खोटेपणानं दिव्यांगांचे लाभ घेतले तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि जुन्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी कधीही निघू शकते.